कोपरा फुगलेला पत्ता

शनिवारी दुपारी आमच्या घरी पाहुण्यांनी येऊ नये. आलेच तर दारातल्या चपलांच्या ढिगातून वाट काढावी लागते, आणि आत बसायला फक्त स्वैपाकघरातलं स्टूल उरतं. हॉलमध्ये सतरंजी अंथरून अक्कांचा वर्ग चालतो. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, वसुमती. घरात, गल्लीत, खालच्या दुकानात सगळेच त्यांना अक्का म्हणतात. त्या टॅरोचे पत्ते शिकवतात. कुणीतरी मनातला प्रश्न घेऊन येतो, चित्रांचे पत्ते पिसायचे, एखादा काढायचा आणि चित्र बघून बोलायचं. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. मी चहा करते.

अक्का निपाणीकडच्या. लग्न होऊन बंगळुरात आल्या आणि नवऱ्याच्या, म्हणजे नागनाथभावजींच्याच सरकारी कारखान्यात टेलिफोन एक्सचेंजमध्ये लागल्या. आयुष्यभर कानाला हेडफोन लावून लोकांचे आवाज ऐकले. शेजारच्या खुर्चीवर एक अँग्लो-इंडियन बाई बसायच्या, त्यांनी दुपारच्या सुट्टीत अक्कांना हे पत्ते शिकवले आणि रिटायर होताना आपला पत्त्यांचा जोड देऊन टाकला. तोच जोड अजून चालतोय. त्यातल्या बुरुजाच्या पत्त्यावर मी एकदा चहा सांडला होता. त्याचा कोपरा फुगला तो फुगलाच. अक्का अजून तो पत्ता माझ्यासमोर धरतात आणि म्हणतात, "ही तुझी सही."

भावजी गेले, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून अक्का आमच्याकडे के. आर. पुरमला. आमच्याकडे म्हणजे मी आणि हरी, माझे यजमान. तेही त्याच कारखान्यात इंजिनियर होते. आता रिटायर होऊन घरात इंजिनियरिंग करतात, म्हणजे कुणी कुणाला काय सांगायचं आणि काय नाही, हे ठरवतात.

वर्गात सध्या दोघंच टिकलेत. एक जितेंद्र, देवनहळ्ळीकडे विमानाच्या मालाच्या ऑफिसात काम करतो. दुसरी यशश्री, पुण्याची, कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. जितेंद्रला सगळं पाठ हवं. आल्या आल्या मोबाइल काढून विचारतो, "अक्का, या पत्त्याचा फिक्स अर्थ काय लिहू?"

"लिहू नकोस. बघ."

"बघितलं. पण अर्थ?"

"अरे, चित्रात काय दिसतंय ते तर सांग! माणूस कुठं बघतोय? हातात काय आहे? पाऊस आहे की ऊन?"

"ते दिसतंयच की. पण त्याचा अर्थ?"

मला आतून ओरडावंसं वाटतं की बाबा रे, तू दुसरीकडे जा. पण अक्कांना कंटाळा येत नाही. नव्या माणसाला त्या पहिल्या दिवशी जे सांगतात ते मला चहा गाळता गाळता तोंडपाठ झालंय. दिसतं ते आधी सांगायचं, पुस्तकातलं नंतर. एक प्रश्न एकदाच विचारायचा, आवडलं नाही म्हणून परत पिसायचं नाही. आजारपण पत्त्यांना विचारायचं नाही, त्याला डॉक्टर आहेत. आणि समोरच्याला बरं वाटावं म्हणून काही बोलायचं नाही. या शेवटच्या गोष्टीवर त्यांचा आवाज चढतो. "बरं वाटायला लोक शेजारणीकडं जातात. तुमच्याकडं कशाला येतील?"

यशश्री हुशार. चित्र बघते, छान बोलते, माणसाच्या मनातलं ओळखते. अक्कांना वाटायचं, आपल्यामागं हिला जोड द्यावा. पण ही पोरगी इतकी गोड, इतकी गोड, की माझ्या डोक्यात जाते. कुणाचाही पत्ता काढा, त्यात तिला प्रमोशन, लग्न आणि फॉरेन दिसणारच. मध्ये एकदा तिने स्वतःचा नवा कोरा जोड आणला. अक्कांनी तो हातात घेतला, अंगठ्याने चाळला आणि विचारलं, "यातले पत्ते कुठं गेले?"

तर बाईसाहेबांनी मृत्यू, सैतान आणि बुरूज काढून कपाटात ठेवले होते. का? तर सासूबाई पत्त्यांचा डबा देव्हाऱ्यापाशी ठेवतात, रोज हळदकुंकू वाहतात, मग देवासमोर असलं अशुभ कसं ठेवायचं! शिवाय सासूबाईंच्या भिशीत बायकांना पत्ते काढून दाखवताना मृत्यूच निघाला तर केवढा सीन होईल.

"मग उरलेले पत्ते काय खोटं बोलायला ठेवलेस?" अक्का म्हणाल्या. तिचे डोळे भरले. अक्कांनी जोड परत केला आणि म्हणाल्या, "माझ्या पत्त्यांवर शिक. याच्यातलं मी काही काढलेलं नाही."

हे ऐकून मी परत स्वैपाकघरात गेले. कारण आमच्या घरातून काय काढून ठेवलंय ते मला माहीत होतं.

दिवाळीनंतर अक्कांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. त्या बाहेर बाकावर डोळ्यांत थेंब घालून बसल्या होत्या, तेवढ्यात डॉक्टरांनी मला आणि हरींना आत बोलावलं. काचबिंदू. उजवा डोळा जवळजवळ गेलेला. डाव्यात जे उरलंय ते रोज थेंब घालून टिकवायचं, गेलेलं परत येणार नाही. "त्यांना नीट समजावून सांगा," असं डॉक्टर म्हणालेसुद्धा. हरींनी मान डोलावली, बाहेर आले आणि हसतमुखाने म्हणाले, "वहिनी, मोतीबिंदू आहे. अजून पिकायचाय. शुगर खाली आली की ऑपरेशन, मग फस्क्लास दिसेल."

रिक्षात अक्का मध्ये बसल्या होत्या. घरी आल्यावर स्वैपाकघराचं दार लोटून मी त्यांना विचारलं, "हे काय बोललात तुम्ही?"

"खचतील त्या."

"खचायचं की नाही ते त्यांचं त्यांना ठरवू द्या ना! नवरा गेला तेव्हा खचल्या का?"

"नीला, माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. एक शब्द बोलायचा नाही." आणि माझा हात धरून स्वतःच्या गळ्याला लावला. म्हणजे संपलंच! आता हे शिंकले तरी मला घाबरायला हवं.

त्या दिवसापासून अक्कांनी साखर सोडली. त्यांची शुगर मुळात किंचितच वर, डॉक्टरांनी त्याबद्दल फारसं काही म्हटलंही नव्हतं. तरी भात बंद, बेळगावहून आलेला कुंदा बंद, आणि चहा बिनसाखरेचा. अक्कांना चहा म्हणजे जीव की प्राण, आणि तोही गोड. आता पहिला घोट घेतला की तोंड कडवट करतात आणि वर मलाच समजावतात, "स्वल्प दिवस गं. एकदा ऑपरेशन होऊ दे." मी तो चहा रोज करून देते. काय वाटतं म्हणून सांगू? कप सिंकमध्ये आपटावासा वाटतो.

बरं, प्रश्न नुसता साखरेचा नाही. त्यांनी सगळंच ऑपरेशननंतरवर ढकललं. गॅलरीच्या पायरीला पिवळी पट्टी लावते म्हटलं, तर, "कशाला लावतेस, नंतर दिसेलच." काठी आणली ती कोपऱ्यात. एकटीने रस्ता कसा ओलांडायचा, औषधाच्या बाटल्या हाताने कशा ओळखायच्या, हे शिकायला डोळ्यांत थोडं तरी असतानाच सुरुवात करायला हवी, एवढं मलाही कळतं. पण शिकणार कोण? गेल्या महिन्यात त्या त्याच पायरीवरून पडल्या. कपाळाला खोक पडली. मी हळद दाबत होते आणि हरी दारातून मला डोळ्यांनी दटावत होते. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण गळ्याची शपथ.

परवाच्या शनिवारी अक्कांनी वर्ग सुरू होताच सांगितलं, "आज मी विचारणार. तुम्ही सांगायचं."

यशश्री खूश झाली. "अक्का, प्रश्न काय?"

"प्रश्न माझ्या मनात आहे. तू पिस, एक काढ, आणि दिसेल ते सांग. बाकी शहाणपण नको."

मी ट्रे घेऊन बाहेर आले होते. हरी आतल्या खोलीच्या दारात पेपर धरून उभे. यशश्रीने पत्ते पिसले, सतरंजीवर पसरले, एक ओढला आणि उलटला. मला उभ्या उभ्या दिसला. काळं आभाळ, वीज पडलेली, बुरुजाचं टोक उडालंय, दोन माणसं डोकं खाली, पाय वर अशी पडतायत. आणि कोपऱ्यात माझी सही.

जितेंद्रने मोबाइल उचलला आणि खाली ठेवला. यशश्री त्या पत्त्याकडे बघत राहिली. मग तिने अक्कांच्या कपाळावरचा व्रण बघितला.

"सूर्य आलाय अक्का," ती म्हणाली. "मस्त पिवळं ऊन आहे. पांढऱ्या घोड्यावर बाळ बसलंय, मागे सूर्यफुलं. सगळं एकदम क्लिअर होणार तुमचं. ब्राइट!"

खरं सांगते, तिचा राग नाही आला मला तेव्हा. दुसऱ्याच्या तोंडून आपलंच घर बोलताना ऐकलं.

अक्कांनी हात पुढे केला. यशश्रीने पत्ता दिला. अक्कांनी तो डोळ्यांपाशी नेला नाही. अंगठा कडेवरून फिरवला, एक कोपरा, दुसरा कोपरा, आणि तिसऱ्यावर थांबला. तिथेच तो अंगठा घासत राहिला.

"जितेंद्रा, तू सांग."

"अक्का, ते... मी नीट बघितलं नाही."

"सरी," अक्का कानडीत म्हणाल्या, म्हणजे 'बरं'. मग मान माझ्याकडे वळवली. नेमकी माझ्याकडे नाही, ट्रेवरच्या कपांचा आवाज आला तिकडे. "नीला, तुझा यावर विश्वास नाही ना?"

"नाही."

"मग तुला खोटं बोलायचं कारण नाही. हा पत्ता कुठला?"

हरींनी पेपर खाली केला. तिकडून मानेने नाही, नाही म्हणत होते. मग त्यांनी दोन बोटं स्वतःच्या गळ्याला लावून दाखवली. साठी उलटलेला इंजिनियर माणूस! मला इतकी चीड आली, त्यांची, माझी, त्या गळ्याची, की मी ट्रे खाली ठेवून दिला.

"बुरूज," मी म्हणाले. "वीज पडतेय. दोन माणसं खाली पडतायत."

"हं. आणि?"

त्या 'आणि'मध्ये पत्ता नव्हता, हे मला कळलं. एक्सचेंजमध्ये आयुष्य काढलेली बाई. रोज तिच्या कानाशी येऊन आम्ही फस्क्लास, फस्क्लास म्हणत होतो. तिला काय ऐकू येत नसेल?

"आणि मोतीबिंदू नाही अक्का. काचबिंदू आहे. ऑपरेशन नाही व्हायचं. उजवा गेलाय. डाव्यातलं आहे तेवढं त्या थेंबांनी राखायचं. गेलेलं परत येत नाही म्हणाले डॉक्टर."

"नीला!" हरी ओरडले.

"ओरडू नका! पडल्या त्या दिवशी ओरडायचं होतं."

अक्कांनी पत्ता मांडीवर ठेवला. त्यांची हनुवटी हलायला लागली, मग थांबली, मग पुन्हा हलली. यशश्री रडत होती. हरी पुढे आले, "वहिनी, मला वाटलं तुम्ही..." एवढंच म्हणाले. वेडीसारखी मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते, ते नीट श्वास घेतायत ना म्हणून.

"हरी," शेवटी अक्का म्हणाल्या, "दिवाळीपासून मी कडू चहा पितेय."

"वहिनी..."

"तुम्ही समोर बसून गोड पीत होता."

हरी खाली बसले, तिथेच सतरंजीच्या कडेला.

अक्कांनी मांडीवरचा पत्ता चाचपला, उचलला आणि यशश्रीच्या दिशेने धरला. "घे. जोड तूच ठेव. माझं आता होणार नाही. पण यातला एक जरी पत्ता कपाटात गेला ना, तर घरी येऊन थोबाड फोडीन." यशश्रीने दोन्ही हातांनी घेतला. "आणि हिला बघून ठेव. पत्त्यातलं ओ की ठो कळत नाही हिला. पण असं सांगायचं असतं."

मग माझ्या नावाने हाक मारली. मी जवळ गेले. त्यांनी माझा हात शोधला आणि घट्ट धरला, इतका घट्ट की बांगडी रुतली.

"मघाचा चहा ओतून टाक," म्हणाल्या. "नवा कर. साखर घाल. आणि ती पिवळी पट्टी कुठंय? मला अजून पिवळं दिसतं तोवर लावून घे."