आमलीतला गुळवेलीचा काढा

ती धावपळ मला आजही लख्ख आठवते. माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं आणि सिल्वासाचं ठाणं माझ्याकडे होतं. सकाळची हजेरी चालू असतानाच शहरातल्याच आमली भागातून एका बाईचा फोन आला. "साहेब, शेजारच्यानं बायकोला विष घातलंय. सारखी भांडणं व्हायची त्यांची."

बायको रुग्णालयात बेशुद्ध होती. नवरा धुळ्याकडचा, प्लास्टिकच्या कारखान्यात मशीन ऑपरेटर. स्टेशन डायरीत नोंद करून त्याला चौकशीसाठी आणलं.

"गुडघे दुखतात म्हणून तिनंच गुळवेलीचा काढा केला, साहेब. मी कायले मारू तिले?"

त्याच्या मोबाइलवर शेवटचा शोध होता : 'गुळवेलीने माणूस मरतो का?' माझी उपनिरीक्षक तरुण, तडफदार. तिनं तोच प्रश्न आपल्या फोनवर टाकला. "सर, उत्तर आलंय, गुळवेलीनं कोणी मरत नाही. हा खोटं बोलतोय. अटक करू या."

सगळं जुळत होतं. पण शोधाची वेळ पाहिली आणि मी थबकलो. विष घालणारा असली चौकशी आधी करतो. यानं केली होती ती बायकोला रिक्षातून रुग्णालयात नेताना.

"तिला गुळवेल ओळखता येते?" मी विचारलं.

"कुठं येते, साहेब! मोबाइलमधला फोटो पाहून सामरवरणी गावातल्या एका कुंपणावरून तोडून आणली."

त्यानंच बायकोचा फोन उघडून फोटोचं ते वेबपेज दाखवलं. लिहिणाऱ्याचं नाव नाही, खाली कसल्याशा चूर्णाची जाहिरात. फोटो मी ओळखीच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. ते जवळजवळ ओरडलेच. "अहो, ही गुळवेल नाहीच! विषारी वेल आहे. कोणी प्यायलंय का?"

डॉक्टरांना कळवतोय तोच नवरा ताडकन उठला. "साहेब, तिनं अर्धी वेल तिच्या बहिणीले दिली, दादऱ्याले राहते ती!"

बहीण फोन उचलेना. सायरन लावून जीप सुटली. उपनिरीक्षक पुढच्या सीटवरून फोन लावतच होती. दादऱ्यात दार उघडलं तर बहीण पदराला हात पुसत उभी.

"काढा? आत्ताच गाळला. पिणारच होते."

उपनिरीक्षक आत धावली आणि तिनं पातेलं ताब्यात घेतलं. बाई भडकली. "अहो, नेटवर आहे ते! हजारो लोकांनी लाइक केलंय."

"त्यांतल्या किती जणांनी प्यायलाय?"

बहिणीची हकिगत ऐकली आणि तिनं उरलेली वेलही आणून आमच्यापुढे टाकली.

काय पोटात गेलंय ते कळल्यामुळे डॉक्टरांना उपचार बदलता आले. संध्याकाळी त्या नवऱ्याची बायको शुद्धीवर आली. जबाबात म्हणाली, "ह्यांचा काही दोष नाही. मीच केला, मीच प्याले." नवरा दारात उभा होता, हसतही होता आणि रडतही होता. मला आणि माझ्या उपनिरीक्षकालाही त्या दिवशी जेवायची आठवण राहिली नव्हती.

साक्षीदार समोर आला की आम्ही पोलीस विचारतो, तू कोण, स्वतः पाहिलंस का, यात तुझा फायदा काय? मोबाइलला हे विचारायचं कोणाला सुचत नाही, आम्हालाही सुचलं नव्हतं. आणि उपनिरीक्षकाला मिळालेलं उत्तर तर गुळवेलीबद्दल होतं. त्या बाईच्या पोटात गुळवेल गेलीच नव्हती. त्या उत्तरावर विसंबून आम्ही अटकेचे कागद करत बसलो असतो, तर निरपराध नवरा कोठडीत गेला असता आणि दादऱ्याच्या बाईनं काढा प्यायला असता.