गोठ्याच्या भिंतीवरची गेरूची रेघ

नळीसाहेबांच्या गळ्यात कायम प्लॅस्टिकची आरपार दिसणारी नळी असायची. चाळीस हात लांब, दहा-बारा वेढे घातलेली, टोकं सोडून पाण्यानं भरलेली. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, माणूस हार घालून सत्काराला निघालाय. ते महापालिकेचे ओव्हरसियर. नाले आणि गटारं त्यांच्याकडं. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, आम्ही त्यांना नळीसाहेबच म्हणायचो.

केडगावच्या पुढं शहराची हद्द जिथं संपते, तिथं रस्त्याखाली एक मोरी आहे. मोरीच्या वरची कॉलनी महापालिकेची, खालची आमची वस्ती ग्रामपंचायतीची. नाला मात्र दोघांत मिळून एकच. पावसाळ्यात कॉलनीत पाणी शिरायचं, मागून माझ्या गोठ्यात यायचं. कॉलनीवाले म्हणायचे, खालच्यांनी नाला अडवला. मी ग्रामसभेत उठून सांगायचो, शहरानं सगळीकडं सिमेंट ओतलं आणि पाणी आमच्या अंगावर सोडलं. मी चौथी शिकलेला, पण माझा आवाज मोठा. पुढं कुणी बोलायचं नाही.

नळीसाहेब पहिल्यांदा आले ते वैशाखात, नाला ठणठणीत कोरडा असताना. नाल्याच्या पात्रातूनच चालत आले. मी काठी आडवी धरली.

"साहेब, तुमची हद्द मोरीपाशी संपली. ही ग्रामपंचायत हाय."

"संपली ना," ते म्हणाले. "उतार कुठं संपलाय? तो बघायला आलोय."

त्यांची रीत अशी, की कागदपत्र काही विचारायचे नाहीत. गेल्या मोठ्या पावसात पाणी कुठवर आलं होतं, एवढंच विचारायचे. आणि वर म्हणायचे, "आठवून सांगू नका, जागेवर जाऊन दाखवा." खिशात गेरूची डबी. आपण बोट ठेवायचं, ते तिथं रेघ मारायचे. उजव्या हाताची बोटं सदा तांबडी. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना गोठ्यात नेलं आणि भिंतीवर बोट ठेवलं. म्हटलं, बघा तुमच्या शहराची करणी. त्यांनी रेघ मारली. मग वीस पावलं खाली, माझ्या चुलतभावाच्या, बबनच्या भिंतीवर त्यानं दाखवली तिथं मारली.

मग गळ्यातली नळी उतरवली. एक टोक बबनच्या हातात, एक माझ्या. नळीतलं पाणी दोन्हीकडं एका पातळीला थांबलं. नळीसाहेबांनी तिथून दोन्ही रेघांपर्यंत हातानं माप घेतलं.

"तात्या, वीस पावलांत पाणी दीड हात खाली उतरलं. एवढं कसं? मधे काय आहे?"

मधे माझी कांद्याची चाळ होती. नाल्याच्या काठावर, खरं सांगायचं तर निम्मी नाल्यातच. बांबू मी उभे केले होते, भराव मी टाकला होता.

"माझ्यावर आळ घेता व्हय?" मी म्हणालो.

"खूण तुम्हीच दाखवली. मी नुसता गेरू लावला."

बबन तोंड फिरवून हसला. मी दोघांनाही चहा दिला नाही. चाळ हलवणार न्हाई, असं ठणकावून सांगितलं. त्यांनी नळी गळ्यात घातली आणि गेले. नोटिशीची भाषा नाही, काही नाही.

त्या पावसाळ्यात कॉलनीत परत पाणी शिरलं. गोठ्यातही आलं, पण चाळीतले कांदे कोरडे राहिले. मला वाटलं, जिंकलो.

दिवाळीच्या सुमारास नळीसाहेबांच्या स्कूटरवर मागं बसून आमचे ग्रामसेवक भाऊसाहेब आले. दोन ऑफिसं एका स्कूटरवर मी पहिल्यांदाच बघत होतो. नळीसाहेब नाल्यात उतरले, तेव्हा भाऊसाहेब माझ्या कानाशी आले.

"तात्या, वरची मोरी रुंद करायचा हुकूम उन्हाळ्यातच आला होता. ह्यांनी काम धरून ठेवलं. म्हणाले, खालचं तोंड बंद असताना वरचं उघडलं, तर म्हाताऱ्याचे कांदे जातील, वस्तीतली घरं जातील. त्यापायी वरून मेमो खाल्ला. कॉलनीतल्या बायांनी भर चौकात धुतलं ते वेगळंच."

"मला बोलले न्हाईत."

"तुम्ही चहा तरी दिला होता का?"

मी आयुष्यात कुणाच्या हुकमानं वागलो नाही. पण माझ्या चाळीपायी परक्या माणसानं बोलणी खावी आणि मला शब्दानं सांगू नये, हे काही पचेना. भाव नव्हता, तरी आठवड्यात सगळा कांदा विकून टाकला. चाळ मीच मोडली. पोरांना हात लावू दिला नाही. भराव बबननं आणि मी उपसला. नळीसाहेब बघायला आले. बाजेवर बसले आणि म्हणाले, "आज चहा मिळेल असं दिसतंय." दोन कप प्याले.

त्यांचा हट्ट एकच होता, नाल्याचं काम खालून वर करायचं. आधी आमचा नाला मोकळा, मग मोरी, मग कॉलनी. उन्हाळ्यात मोरी रुंद झाली. पुढच्या मोठ्या पावसात ते आणि मी गोठ्याच्या दारात पोतं पांघरून उभे होतो. पाणी चढलं, आणि रेघेच्या खाली वीतभर थांबलं. वर कॉलनीतही कुणाच्या उंबऱ्याला लागलं नाही. ते म्हणाले, "चला, आता मलाही घरी जाता येईल."

पुढं निवृत्त होऊन ते कर्जतला आपल्या रानात गेले. गेल्या दिवाळीत मुलानं गोठा रंगवायला काढला. मी सांगितलं, सगळा रंगव, रेघेला ब्रश लावलास तर बघ. दर चैत्रात मी तिच्यावर नवा गेरू चढवतो. नाल्याकाठी कुणी नवीन कुंपण घालायला लागला, तर त्याला आणून ती दाखवतो. चिडतात. मी त्यांना चहा देतो.

मोठा पाऊस झाला, की सकाळी कर्जतवरून फोन येतो. नळीसाहेब तब्येत विचारत नाहीत.

"तात्या, रेघ?"

"कोरडी हाय."

"कुठून बोलताय?"

"बाजेवरनं."

"मग उठा."

मी काठी घेतो, चिखलातून गोठ्यापर्यंत जातो आणि भिंतीवर हात टेकवतो. गुडघे दुखतात, वेळ लागतो. तोवर ते फोन धरून बसतात.