हसनचाचांचं जहाज

हसनचाचा वाढदिवसाचा केकसुद्धा क्रेनच्या खुणा करून टेबलावर उतरवून घ्यायचे. आमची ही दोन्ही हातांत केक घेऊन अवघडलेली, आणि चाचा समोर उभे राहून तळहात खाली-वर करताहेत, "आस्ते... आस्ते... जरा डावीकडे... बस, खलास!" ओमानमधल्या सलालाहच्या बंदरात तीस वर्षं क्रेन चालवल्यावर माणसाचं असंच होत असावं.

चाचा मूळचे रत्नागिरीचे. आजोबांच्या जहाजाचा इतिहास ऐकल्याशिवाय त्यांच्या घरून कुणी सुटलेलं मला आठवत नाही. मुळात ते साधं मालवाहू जहाज. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या नौदलाने त्याच्या मागच्या बाजूला ताडपत्रीची शेड ठोकली आणि आत समुद्री विमानं ठेवली. क्रेनने विमान पाण्यात सोडायचं. ते लाटांवरून धावत उडायचं, टेहळणी करून पुन्हा पाण्यातच बसायचं, की क्रेनने परत वर. ती क्रेन चालवायचे चाचांचे आजोबा. "उडवणाऱ्याला मेडल," चाचा म्हणायचे, "आणि भिजलेलं विमान वर घेणाऱ्याला काय? चाय!"

यंदा चाचा निवृत्त झाले. कायमचं गावी परतायचं ठरलं. मराठी मंडळाच्या स्मरणिकेचा संपादक मी, म्हणून ते त्या इतिहासाची एकोणीस पानं लिहून माझ्याकडे आले.

"इंजिनियर, इंटरनेटवर त्या जहाजाच्या कप्तानाचं नाव हाय, वैमानिकाचं हाय, कप्तानाच्या कुत्र्याचं पण हाय. माझ्या आज्याचं कुठंच नाय. जायच्या आधी एकदा छापलेलं बघायचंय."

माझ्याकडे जागा उरली होती चार ओळींची. बाकी सगळी पाककृतींनी खाल्ली होती. हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाचा भडकतील असं वाटलं, पण ते म्हणाले, "यल्ला, चल, पेन दे," आणि जमिनीवर पानं पसरून काटछाट करायला बसले.

आधी अ‍ॅडमिरल गेले. मग महायुद्ध गेलं. विमानांच्या इंजिनांवरची सहा पानं त्यांनी एका फटक्यात बाजूला केली. शेवटी जहाज भंगारात निघालं तो परिच्छेद खोडताना मात्र त्यांनी नाक ओढलं आणि एसीला शिव्या घातल्या.

मग कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, "युसूफ आदम, राहणार रत्नागिरी. समुद्रात उतरलेली विमानं क्रेनने जहाजावर घ्यायचे. एकही पडू दिलं नाही."

"चाचा, अहो, जहाजाचं नावच राहिलं!"

"राहू दे," चाचा पेनाला टोपण लावत म्हणाले. "ते सगळ्यांनी लिवलंय."