ठिपक्यांतला चार नंबर

राग मी विसरत नाही. आई म्हणायची, या पोरीचा राग कोहळ्यासारखा आहे, टांगून ठेवला की वर्षभर टिकतो. तेव्हा आधीच सांगून टाकते, पुढे जे लिहिलंय त्यात मी कुठेच शहाणी नाही.

देवळीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. शिकवणारे पुष्कळ आहेत. माझं जे काही वेगळं आहे ते चित्रांत. जीवशास्त्राच्या आकृतीत पेन्सिल घासून सावली करायची नसते, ठिपके द्यायचे असतात. जवळजवळ दिले की गडद, लांबलांब दिले की फिकट. एका हृदयाला मला चार रविवार लागले. बोरगाव मेघेतल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेला असायचा आणि नवरा ताट हातात घेऊन सोफ्यावर जेवायचा. "देवानं तरी एवढा टाइम लावला नसंन," असं तो म्हणायचा. बारा वर्षांत अशी साठेक चित्रं झाली. पोरं वहीत तीच काढायची, आणि परीक्षेत कोणाचं हृदय आपल्या कॉलेजचं आहे हे मी लांबून ओळखायची.

एक दिवस वर्गातल्या एका मुलीच्या बाकावर एक गुळगुळीत पुस्तिका दिसली. वर्ध्याच्या एका कोचिंग क्लासची. आत माझं हृदय, माझं जास्वंदाचं फूल, माझा पेशीविभाजनाचा तक्ता. कोपऱ्यात मी माझं नाव लिहीत असे, तेवढा कोपरा कापलेला. तळपायाची आग मस्तकात गेली. तास सोडून मी त्या क्लासवाल्याला फोन लावला. तो अगदी गोड बोलला. "मॅडम, हृदय काय तुम्ही शोधून काढलं काय? सगळ्याइच्या छातीत असते ते."

त्याला मी आजही माफ केलेलं नाही. करणारही नाही.

नंतर मी चित्रावर आडवं, फिकट अक्षरांत नाव टाकू लागले, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. महिनाभरात तीही चित्रं त्याच्या पुस्तिकेत आली, नाव गायब. वर्गातल्या एका मुलानं मला दाखवलं कसं करतात ते. फोनवर चित्र उघडलं, नावावरून बोट फिरवलं, नाव गेलं. त्या जागी मशीननं आपल्या मनानं ठिपके भरले, तेही चुकीचे. चोरी तर चोरी, वर माझं फुप्फुस बिघडवून ठेवलं. याची जिरवायचीच, असं मी त्या दिवशी ठरवलं.

पण खरा जीव जळत होता तो वेगळ्याच गोष्टीसाठी. पोरं फळ्यावरून उतरवायची; चित्राची फाइल माझ्याशिवाय फक्त सहा जणांच्या फोनवर जायची, आणि ते सहाही आमच्या स्टाफरूममध्ये बसायचे. म्हणजे त्यांच्यातलंच कोणीतरी देत होतं. रोज माझ्या डब्यातली भाजी खाणारं कोणीतरी.

या सहांतली एक माझी मैत्रीण होती. अकरा वर्षं आम्ही एकाच बसनं देवळीला येत-जात होतो. ती सावंगीला चढायची, तिची जागा मी पर्स ठेवून धरायची. परतताना ती आधी उतरायची आणि मी तिची पिशवी खिडकीतून द्यायची. मी कायम नोकरीत, ती तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनला तिला नवीन ऑर्डर मिळाली तरच नोकरी. नवरा घरी बसून, सासू आजारी. ते घर त्या जूनच्या कागदावर चालायचं आणि हे मला सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. बसमध्ये तिचं-माझं असं काही नव्हतंच. ती माझ्या पर्समधला कंगवा न विचारता काढायची. माझ्या फोनची बॅटरी दुपारीच मान टाकायची, म्हणून "निघाले, कुकर लाव" हा माझ्या नवऱ्याला जाणारा मेसेज कितीदा तिच्याच फोनवरून गेलाय. नवराही उत्तरात आधी विचारायचा, "कोण बोलून राह्यलं?"

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. तिच्याकडे मी गेले ती सरळ भांडायच्या तयारीनंच. म्हटलं, मला अशी खूण पाहिजे जी दिसणार नाही, पुसता येणार नाही आणि चोराचं नाव सांगेल. ती हसली. मग तिनं सांगितलं ते असं. माझ्या चित्रात हजारो ठिपके. त्यांतले काही केसभर डावीकडे सरकवायचे, काही केसभर उजवीकडे. डोळ्याला काही कळत नाही. पण त्या सरकण्यात एक नंबर लिहिलेला असतो, आणि तो चित्रात दहा ठिकाणी पुन्हा पुन्हा लिहायचा, म्हणजे कोपरा कापला, फोटो काढला, झेरॉक्स मारली, तरी कुठेतरी उरतो. वाचायचा असेल तर मूळ चित्रावर ठेवून मोजायचा, आणि मूळ चित्र फक्त माझ्याकडे. सहा जणांना सहा प्रती, सहा नंबर.

तिनं दोन गोष्टी बजावल्या. पहिली, प्रती वेगवेगळ्या आहेत हे कोणाला कळू देऊ नका, कारण दोघांनी आपापली प्रत शेजारी ठेवली तर कुठले ठिपके हलले ते दिसतं आणि मग ते विस्कटून टाकता येतात. हे मी लक्ष देऊन ऐकलं. दुसरी गोष्ट तिनं दोनदा सांगितली. "मॅडम, प्रत कोणाची होती एवढंच हे सांगते. ती कोणाच्या हातानं गेली, हे नाई सांगत."

मी म्हटलं, "ज्याची प्रत त्याचाच हात. अजून कोणाचा असणार?"

तिनं लॅपटॉप उघडला.

चार रविवार बसून मी मूत्रपिंडाचा उभा छेद काढला. इतकं सुंदर चित्र मी आधी काढलं नव्हतं आणि ते काढताना माझ्या मनात एकही चांगला विचार नव्हता. स्टाफरूममध्ये दारापासून ज्या क्रमानं खुर्च्या होत्या त्याच क्रमानं नंबर दिले. चौथी खुर्ची मैत्रिणीची. खरं सांगते, तिचा नंबर टाकताना मला हसू आलं होतं, की हिला कशाला, हिची प्रत तर साधी पाठवली तरी चालेल. सोमवारी सहाही जणांना आपापली प्रत पाठवली आणि वाट पाहत बसले. जाळं टाकल्यावर माणसाला जी मजा येते ती मी महिनाभर घेतली. कोणी माझ्याशी गोड बोललं की मनात म्हणायची, बोल बाबा बोल, तुझाही नंबर आहे माझ्याकडे.

पुढच्या महिन्यात पुस्तिकेत मूत्रपिंड आलं. विद्यार्थिनीनं ते स्कॅन केलं, मूळ चित्रावर ठेवलं. दहांपैकी तीन जागी खूण पार पुसट झाली होती, उरलेल्या सातांनी एकच नंबर सांगितला. चार.

मी तिला पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा चार.

दुसऱ्या कोणाचा नंबर निघाला असता तर मी भांडून मोकळी झाले असते. पण ही? माझ्या शेजारी बसून, क्लासवाल्याला माझ्यासोबत शिव्या देऊन? त्या दिवसापासून मी बसमध्ये पर्स ठेवून जागा धरणं बंद केलं. "काऊन वं, काय झालं?" असं तिनं विचारलं, तर मी खिडकीबाहेर तुरीचं शेत पाहत बसले. घरी येऊन तिचा नंबर ब्लॉक केला. नवरा म्हणाला, "एकदा बोलून तर घे तिच्याशी." मी म्हटलं, बोलायला आता उरलंय काय.

तिच्या एकटीच्या कानात सांगून भागणार नव्हतं. मला सगळ्यांसमोर पाहिजे होतं. प्राचार्यांच्या केबिनमध्ये सगळा स्टाफ बसलेला असताना मी टेबलावर दोन कागद ठेवले, ठिपक्यांवर लाल गोल केलेले, आणि कसं पकडलं ते सावकाश सांगितलं. घाई केली नाही. तिचा चेहरा उतरत गेला तो मी पाहिला, आणि पाहायला मला आवडलं.

"मी नाई दिलं," ती म्हणाली. "तू मले वळखत नाई काय?"

"नव्हते ओळखत," मी म्हटलं. "आज ओळखलं."

हे वाक्य मी तीन दिवस घोळवलं होतं.

मशीन खोटं बोलत नाही, असं प्राचार्य म्हणाले. जूनला तिची ऑर्डर निघाली नाही. चौथी खुर्ची कोणीतरी उचलून प्रयोगशाळेत नेली. मला कसं वाटलं असं कोणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं, गार वाटलं. जिल्ह्यातल्या कितीतरी स्टाफरूममध्ये मी ही गोष्ट सांगितली. दर वेळी ती थोडी अजून रंगली. तिचं नाव घेत नव्हते, हा माझा मोठेपणा. ज्यांना कळायचं त्यांना कळतच होतं.

पुढच्या हिवाळ्यात वर्ध्याला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. आपल्या साहित्याची चोरी कशी पकडावी यावर बोलायला मला बोलावलं. हिरवी सिल्कची साडी नेसून गेले. पडद्यावर मूत्रपिंड, लाल गोल, चार नंबर. लोक माना डोलवत होते. प्रश्नांची वेळ आली तेव्हा तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या, आणि माईक त्यांच्या हातात जाईपर्यंत मी ओळखलंच नाही. ती फार वाळली होती. आता एका खासगी शाळेत पाचवीला शिकवत होती, असं नंतर कळलं.

"मॅडम," ती म्हणाली, "ही खूण प्रत कोणाची ते सांगते. कोणी पाठवली ते बी सांगते काय?"

माझ्या विद्यार्थिनीनं दोनदा सांगितलेलं वाक्य मला तेव्हा आठवलं. तरीही मी म्हटलं, "ज्याची प्रत त्याचाच हात."

तिनं फोन काढला. "हा माहा फोन आहे. चित्र मिळालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, संध्याकाळी बसमधून, एका नंबरवर गेलं. त्याच्यासंगं आवाजाचा मेसेज बी आहे. आयका."

फोन तिनं माईकला लावला. आधी बसचा खडखडाट ऐकू आला. मग माझा आवाज.

"हॅलो बेटा, मी मावशी बोलून राह्यली. माह्या फोनची बॅटरी गेली, म्हणून मॅडमच्या फोनवरून पाठवून राह्यली. किडनीचं चित्र आहे, नवीन काढलं. उद्याच्या टेस्टले हेच काढजो. आन कोणाले देऊ नको."

सावंगीला नर्सिंगला शिकणारी माझ्या बहिणीची मुलगी. मंगळवारी दुपारपासून तिचं टुमणं चाललं होतं, मावशी किडनी पाठव, मावशी किडनी पाठव. माझा फोन बंद पडला. शेजारच्या मांडीवरचा फोन मी उचलला, त्यात चित्र होतंच, पाठवून दिलं आणि फोन परत मांडीवर ठेवला. ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती, तिनं ऐकलंही नसेल. मी कंगवा काढावा तसा तिचा फोन काढला होता, आणि तो कोणाचा आहे, त्यातली प्रत कोणाची आहे, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. सहा जणांना सहा नंबर देणारी मी. भाचीनं ते मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं, तिथून ते क्लासपर्यंत गेलं. आधीची चित्रं कोण देत होतं ते मला आजही ठाऊक नाही, आणि शोधायला आता तोंड उरलेलं नाही.



"केबिनमध्ये तू बोलली त्याच संध्याकाळी मले हे सापडलं," ती म्हणाली. आता ती मला मॅडम म्हणत नव्हती. "तुले फोन लावला. तू ब्लॉक केलतं. घरी आली, तर तू दार उघडलं नाई. प्राचार्याइकडे गेली, तं ते आयकालेच तयार नाई, म्हणे, मशीन खोटं बोलत नाई. मंग मी म्हटलं, जाऊ दे. हिले सगळ्याइच्या समोर आवडते, तं सगळ्याइच्या समोरच आयकवू."

ती व्यासपीठापर्यंत चालत आली आणि माईक माझ्या हातात दिला. तिनंही ते वाक्य घोळवलेलं असणार. मी घोळवलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस.

मी माईकवर म्हटलं, चित्र माझं आहे आणि पाठवलंही मीच. एवढंच बोलता आलं. ती तोवर दाराबाहेर गेली होती.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडे गेले. सगळं लिहून दिलं, सही केली. त्यांनी कागद वाचून फाइलमध्ये ठेवला. त्या जागेवर आता दुसऱ्या मॅडम आहेत, त्यांनाही घरदार आहे, असं ते म्हणाले. क्लासवाल्याच्या पुस्तिकेत मूत्रपिंड अजून छापलं जातं. त्यातले सात चार मला आता मूळ चित्राशिवाय दिसतात.

बसमध्ये मी पुन्हा शेजारच्या जागेवर पर्स ठेवते, आणि सावंगी आली की उचलून मांडीवर घेते. सवय आहे. प्रशिक्षणाच्या दिवशी घरी आल्याबरोबर मी तिला अनब्लॉक केलं होतं, आणि एक मेसेज पाठवला होता. लांबलचक, तीनदा खोडून लिहिलेला. त्याच्यासमोर एकच टिक आली. अजूनही एकच आहे.