दोमितिलानं गाळलेलं नाव

पडदा वर जाताना आधी पाय दिसतात. आमच्या सेचाख गावात रोज सकाळी धुकं तसंच वर सरकतं. आधी खेचरांचे खूर, मग चिखलाची गल्ली, मग वेलदोडे सुकवायच्या भट्ट्यांचा धूर आणि सगळ्यांच्या मागे डोंगर. तंबूच्या नाटकात मी जन्मभर रंगवलेल्या डोंगरांपुढे उभा राहिलो. ते सगळे गुणी. खेळ संपला की गुपचूप गुंडाळून घ्यायचे. हा डोंगर मात्र आपल्याकडे बघतो. आमची मंडळी मोडली, तंबू कुजला आणि मी या गावात राहून गेलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. पण त्याच्याकडे पाठ करून जेवायला मी अजून बसत नाही.

उजव्या कोपऱ्यात चुलीचा उजेड दिसतोय ना, ते दोमितिला इकालचं स्वयंपाकघर. बुटकी, रुंद खांद्यांची, कोपरापर्यंत मक्याच्या पिठात बुडालेली ही बाई. डोंगरापलीकडच्या रानात जुन्या लोकांची दगडी घरं आहेत. शहरातले त्यांना माया लोकांचे अवशेष म्हणतात, आम्ही नुसतं 'घरं' म्हणतो. तिकडे कुणालाही जायचं असेल तर आधी हिच्या चुलीपाशी येऊन बसावं लागे. वाट ठरवायची ती हिनंच.

तिची रीत अशी. काथवटीत भिजवलेल्या मक्याचा मोठा गोळा घ्यायचा आणि त्याचा डोंगर करायचा. चिमटीनं कडे काढायचे, बोटानं ओढे ओढायचे, अंगठा दाबला की तिथे पिण्याचं पाणी. मुक्कामाच्या जागी एकेक काळा घेवडा. जाणारी माणसं समोर बसून बघत. सगळं ठरलं की ती तोच डोंगर मोडून त्याच्या भाकरी थापायची आणि जाणाऱ्यांनी त्या तिथेच खायच्या. वाट पोटात गेली की मग बदलायची नाही. कुणी नंतर "मावशी, नदीकडून गेलो तर?" असं विचारलं की म्हणायची, "आधी ओकून दाखव, मग बोलू."

मी एकदा विचारलं, "दोमितिला, तू स्वतः कधी गेलीस का गं आत?"

"नाटक्या, तुझ्या नाटकात पडद्याआडून शब्द पुरवणारा कधी पुढे यायचा का?"

"नाही."

"मग गप खा."

ती का जात नव्हती ते गावाला ठाऊक होतं. इथे डोंगराला मालक मानतात. आत शिरण्याआधी पायथ्याच्या गुहेपाशी, क्रुसाखाली पोम जाळायचा. पोम म्हणजे आमच्या झाडाच्या चिकाचा धूप. मग कोण कोण येतंय त्यांची नावं डोंगराला सांगायची. वाट आखणाऱ्यानं नावं द्यायची, गावच्या म्हाताऱ्यानं, म्हणजे शोल आजोबांनी, ती मोठ्यानं म्हणायची. नाव सांगितलं की तो माणूस पाहुणा. न सांगता शिरला तर चोर, आणि चोराचं काय करायचं ते डोंगर ठरवणार. लष्कर आणि बंडखोरांच्या लढाईच्या वर्षांत शिपायांनी दोमितिलाच्या नवऱ्याला, मातियासला, वाट दाखवायला नेलं. तिनं त्याही घाईत गुहेपाशी जाऊन त्याचं नाव दिलं होतं. तो परत आला नाही. गाव म्हणालं, लढाईनं नेला. ती म्हणाली, "मी नाव दिलं आणि डोंगरानं त्याला ठेवून घेतलं."

तेव्हा मुलगा एरास्मो मांडीवर होता. त्याला तिनं न्हावी केलं. डोंगराशी काही देणंघेणं नसलेला एवढाच धंदा तिला सापडला. पण एरास्मोच्या दुकानातल्या आरशात, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर, डोंगर दिसायचाच.

त्या वर्षी रानातून वेगळेच आवाज येत होते. पलीकडे कुठेतरी झाडं पडत होती, रोज, आणि लाकूड मात्र कुणाकडे येत नव्हतं. एक लहान विमान खाली घिरट्या घालायचं. बाजारात परकी माणसं यायची, पोत्यानं मीठ न्यायची आणि कुणाशी बोलायची नाहीत. अशात राजधानीहून उरुतिया साहेब आणि त्यांच्या पत्नी पिलारबाई आले. भली माणसं. त्यांना घरांचे फोटो काढायचे होते. नेहमीचा वाटाड्या तापानं पडलेला. फक्त खेचरवाला लेंचो तयार होता आणि तो वाटेपेक्षा दारूच्या दुकानांचा जास्त माहितगार.

"मी जातो," एरास्मो दारातून म्हणाला.

दोमितिलानं वरही पाहिलं नाही. "तू? तिकडे माकडांच्या हजामती करणार?"

"आई, जन्मापासून तुझ्या काथवटीसमोर बसलोय. वाट मला पाठ आहे."

"पिठात जळवा नसतात."

"मग जळवांचीही करीन."

साहेब हसले, आणि तिचा चेहरा बघून लगेच थांबले. "बाई, तुम्ही नको म्हणालात तर आम्ही इथूनच परत जातो. खरंच."

"ते गेले तरी मी जाणार," एरास्मो म्हणाला. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "बाबा कुठे राहिले ती जागा मला बघायचीय. एकटा जाऊ, की यांच्याबरोबर जाऊ, एवढं तू ठरव."

ती बराच वेळ पीठ मळत राहिली. मग डोंगर करायला घेतला. तिच्या हातून कडा दोनदा मोडला. असं आधी कधी झालेलं मी पाहिलं नव्हतं.

सकाळी गुहेपाशी आम्ही सगळे होतो. शोल आजोबांनी निखाऱ्यावर पोम टाकला. दगडावर कोको ओतला. एरास्मो खाली लेंचोबरोबर खेचरांचे पट्टे आवळत होता. दोमितिला आजोबांच्या कानाशी वाकली. आजोबांनी गुहेकडे तोंड करून साहेबांचं नाव घेतलं, पिलारबाईंचं घेतलं, लेंचोचं घेतलं. मग तिच्याकडे वळून विचारलं, "झाले?"

"झाले," ती म्हणाली.

आजोबांची नजर आधीच अधू झालेली. खाली किती माणसं उभी आहेत ते त्यांना दिसत नव्हतं. मी पोमच्या धुरानं खोकत होतो. धूर त्या दिवशी वर जाईना. तो गुहेतून परत आमच्या तोंडावर येत होता.

ती मंडळी परतली तेव्हा एरास्मो त्यांच्यात नव्हता.

पिलारबाई दोमितिलाचे हात धरून नुसत्या रडत होत्या. साहेबांनी सांगितलं, सगळ्यात उंच घराच्या पायऱ्यांवर एरास्मोला कमरपट्ट्याचं गंजलेलं बक्कल सापडलं. बाबांचं असेल म्हणत तो मागच्या बाजूला गेला, आणखी काही मिळतंय का बघायला, आणि परत आलाच नाही. त्यांनी शोधलं, हाका मारल्या, अन्न संपेपर्यंत थांबले.

लेंचो चुलीपाशी उकिडवा बसला होता. त्या दिवशी त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. "मावशी, तिथे आवाज घुमतो. पोहोचलो त्या संध्याकाळी आम्ही गंमत म्हणून एकेकाचं नाव ओरडलो. साहेबांचं परत आलं. बाईंचं आलं. माझं आलं." तो थांबला. "एरास्मोचं नाही आलं. तो हसला गं. म्हणाला, न्हाव्याला कोण विचारतं!"

दोमितिला उठून उभी राहिली. दारापाशी बसलेल्या शोल आजोबांच्या पुढ्यात जाऊन म्हणाली, "मी त्याचं नाव दिलंच नव्हतं."

 

"बापाचं दिलं आणि डोंगरानं त्याला ठेवून घेतलं," ती म्हणाली. "वाटलं, याचं कानावरच नाही गेलं तर बोलावणार कसा? वाटलं, गर्दीतून निसटून येईल."

"पोरी," आजोबा म्हणाले, "तू त्याला लपवलं नाहीस. चोर करून पाठवलंस."

"मग आता सांगा त्याचं नाव. चला, आत्ता."

"चोर घरात शिरल्यावर दारातून ओळख करून देतात का? आता आत जाऊन सांगावं लागेल. ज्यानं गाळलं त्यानंच."

तरी गावातली धट्टीकट्टी माणसं आधी कोयते घेऊन गेली. कड्यापर्यंत पोचली आणि परत आली. वाटेवर नव्या काडतुसांची टरफलं होती, झाडं आडवी पाडलेली होती आणि एका ठिकाणी झाडावर लाल रंगानं फुली मारलेली होती. पुढे जायला कुणाचा पाय उचलेना. मी त्यांना दोष देत नाही. घरी त्यांचीही लेकरं होती. चौकीवरच्या अंमलदारानं ऐकून घेतलं आणि खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या सकाळी दोमितिलाच्या काथवटीत डोंगर नव्हता. तिनं सरळ भाकरी थापल्या आणि फडक्यात बांधल्या. मातियासचा जुना कोयता घेतला. वाटेत शोल आजोबा भेटले. "तुझं नाव देतो, चल," ते म्हणाले. ती नको म्हणाली. "डोंगराला एका वेळी एकच नाव ऐकू दे."

पुढचं मला एरास्मोकडून कळलं. तो परत आला, पण आमच्या बाजूनं नाही. डोंगराच्या पलीकडून, एका वेलदोड्याच्या ट्रकमधून. बंदूकवाल्यांनी त्याला घरांच्या मागेच पकडलं होतं. विमान उतरायला ती जागा साफ करत होते, त्या कामाला त्यालाही जुंपलं. एका सकाळी धुक्यात बाईचा आवाज आला. एरास्मो माझा मुलगा, असं सांगत होता. आधी एका टेकडीवरून, मग दुसऱ्या, मग सगळ्या बाजूंनी. बंदूकवाल्यांनी आवाजाच्या दिशेनं गोळ्या झाडल्या. आवाज थांबला नाही. ती सगळी शहरातली पोरं. एक जण सामान टाकून पळाला, मग दुसरा. त्या गोंधळात हा सुटला.

"आईचाच आवाज होता, नाटकीकाका," तो मला म्हणाला. "मी आवाजाच्या मागे मागे फिरलो. प्रत्येक वेळी तो पुढच्या टेकडीवर असायचा. शेवटी रस्ता लागला आणि आवाज बंद झाला."

तो त्यानंतरही तीनचार वेळा आत जाऊन आला. दरवेळी शोल आजोबांनी त्याचं नाव मोठ्यानं सांगितलं. दोमितिला सापडली नाही, तिचं फडकं नाही, कोयता नाही. आता तो जात नाही. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवतो आणि खाली मान घालून दाढी करतो.

मी तिला शेवटचं पाहिलं ते ती निघाली त्या सकाळी, गावाच्या कुंपणापाशी. मी म्हणालो होतो, "मी येतो बरोबर." तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तू? चर्चच्या पायऱ्या चढताना धापा टाकतोस. तुला पाठीवर घेऊन मी मुलगा शोधू?"

"मग निदान शेजारणींना काय सांगू ते तरी सांग."

ती चालायला लागली होती. धुकं तिच्या गुडघ्यापर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. कुंपणाशी बायका जमल्या होत्या. तिनं मान वळवून त्यांना सांगितलं,

"चूल विझू देऊ नका गं. तो भुकेला येईल."