खाडीच्या मुखाशी फुटलेली हाक

आमचं पहिलं लेकरू, तान्ही मुलगी, तापाने गेली आणि माझ्या बायकोची वाचाच बसली. स्वयंपाक करायची, गुरांना पाणी दाखवायची, विचारलं की मान हलवायची. पण शब्द नाही. मंठ्याचे वैद्य झाले, हकीम झाले. देवीला नवस बोललो. काहीच होईना, तेव्हा मी देवीचं नावच टाकलं.

ही निजामाच्या अमलातली गोष्ट. जालन्याच्या सरकी काढायच्या जिनात कोकणातला एक मिस्त्री होता. आमच्या कापसाच्या गाड्या तिथे खाली व्हायच्या, त्यातून ओळख झालेली. तो म्हणाला, "हंगाम संपला, मी गावी निघालोय. वहिनींना घेऊन चला. समुद्राची हवा लागू द्या."

समुद्र आम्ही कधी पाहिला नव्हता. त्याच्या घरी उतरलो आणि रोज सकाळी दोघं चालायला निघू लागलो. माडांच्या सावलीतून, भाताच्या कोरड्या बांधांवरून, डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, सड्यावर चढून पुन्हा खाली वाळूत. ती शिंपले वेचून पदरात घ्यायची आणि एखादा सुरेख निघाला की माझ्यापुढे धरायची. तेवढ्यावर माझा दिवस गोड व्हायचा.

एका सकाळी खाडीच्या मुखाशी पाणी ओसरलेलं पाहून आम्ही पलीकडच्या वाळूच्या पट्ट्यावर गेलो. हिंडून मागे वळलो, तर आलेली वाट पाण्याखाली. भरती कशी चढते, आम्हा कोरड्या मुलखातल्यांना काय ठाऊक! पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. दूर खडकांवर एक म्हातारी कालवं काढत होती. तीही टोपली उचलून गावाकडे निघाली. मी ओरडायला तोंड उघडलं, पण भीतीने आवाज फुटेना. मनात एवढंच आलं, 'देवीआई, मी तर तुला टाकलं होतं. आता तू जाण.'

आणि माझ्या शेजारून हाक उठली, "ओ माय! इकडं बघ वं! आम्ही बुडून राह्यलो!"

म्हातारी थबकली. टोपली टाकून, बुडालेल्या खडकांवर पाय रोवत ती आमच्यापर्यंत आली आणि बायकोचा हात घट्ट धरला. "पाण्याकडे नको बघू गो, माझ्याकडे बघ."

काठाला लागताच बायको तिच्या गळ्यात पडली. "माय, माझी लेक गेली वं," म्हणून हंबरडा फोडून रडली. म्हातारी नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळाने बायको माझ्याकडे वळली. "असं उभं काय राह्यले? बसा न्हं जवळ."

मी बसलो.

ती कृपा की भीतीचा धक्का, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. नवसात मी देवीपुढे अटी मांडल्या होत्या. त्या पाण्यात एकही अट उरली नव्हती. लेक काही परत आली नाही. पण आता हात जोडले की मी मागत काही नाही. आत चुलीपाशी बायको शेजारणीशी बोलत असते. मी डोळे मिटून ऐकत बसतो, आणि माझी पूजा होते.