आषाढापर्यंतची जागा

रंगोपंत जागा बघायला गेले की आत जात नसत. एक पाय उंबरठ्याच्या आत आणि एक बाहेर, असे उभे राहत. घरमालक आतून हौसेने सांगत असे, ही समई, हे बाजले, हा हंडा, जाजम तर मागच्याच वर्षी घेतलेले. पंत त्यातल्या कशाकडेही बघत नसत. सगळे सांगून झाले की विचारत, "या सामानाचा धनी कोठे आहे?"

धनी मोहिमेवर गेला आहे असे उत्तर आले की पुढचा प्रश्न ठरलेला. "आणि परत आल्यावर त्याला येथे काय दिसणार आहे?"

आमच्या पुण्यात दसरा झाला की फौज बाहेर पडते आणि तिच्यामागून कारकून, वैद्य, मुदपाकखान्याचे आचारी, सगळेच जातात. त्यांच्या खोल्या भरल्या सामानानिशी मागे राहतात. घरमालक त्या पावसाळ्यापर्यंत दुसऱ्या कोणाला देतात. नव्याने शहरात आलेल्याची त्यात सोय होते, भांडेकुंडे जमवावे लागत नाही. आषाढात धनी परत आला की आपण आपले गाठोडे उचलायचे. रंगोपंतांनी कित्येक वर्षे अशाच जागांतून काढली होती. स्वतःचे म्हणून त्यांच्याजवळ एक घोंगडी आणि एक तांब्या. कोणी विचारले की म्हणत, "आपले काय, आषाढापर्यंत."

मी कोकणातून शिकायला आलो आणि एका शास्त्रीबुवांकडे पोथ्या उतरवण्याच्या कामाला लागलो, तेव्हा एकट्या माणसाला जागा द्यायला कोणी तयार नव्हते. फिरत फिरत धोंडभटांच्या दारी पोचलो. भटजी पौरोहित्य करत आणि मागच्या दोन खोल्या भाड्याने देत. त्यांनी मला पायापासून शेंडीपर्यंत पाहून घेतले.

"आपण कोकणातले?"

"हो."

"मग पाण्याबद्दल काही बोलू नका. समोरच्या हौदात कात्रजचे पाणी येते, ते गोडच आहे. माझ्या झोपेच्या वेळी पाठांतर नको. आणि माझ्याकडे कोणी पाहुणा येत नाही, आपल्याकडेही येऊ नये."

मागून आवाज आला, "आम्ही तरी येऊ का, की तेही नको?"

वळून पाहिले तर उंच, वाकलेला, पन्नाशीकडे झुकलेला एक गृहस्थ एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून उभा होता. रंगोपंतांची आणि माझी ओळख ती. एकट्याला जागा मिळत नव्हती, म्हणून आम्ही त्याच दिवशी दोघे झालो.

त्या खोलीचा धनी त्रिंबक अजून निघायचा होता. फौजेबरोबर जाणारा तरुण कारकून, बोलका, हसरा. सामान बांधता बांधता तो आम्हाला खोली समजावून देत होता. बाजल्याची एक दोरी सैल आहे, समई डावीकडे कलते. निघताना त्याने आपला तांब्या दाराशी भिंतीलगत ठेवला आणि म्हणाला, "पंत, हा एवढा येथून हलवू नका. बाहेरून आलो की मी आधी पाणी पितो, मग बोलतो."

पंतांनी कनवटीचा गेरूचा खडा काढला, तांब्याभोवती जमिनीवर एक वर्तुळ काढले आणि म्हणाले, "येथेच असेल."

त्रिंबक गेल्यावर त्यांनी खोलीतल्या प्रत्येक वस्तूभोवती तशा खुणा केल्या. बाजल्याच्या पायांना, हंड्याला, समईला. वस्तू वापरायची आणि पुन्हा खुणेत ठेवायची. सारवण झाले की पुन्हा त्याच जागी नव्या खुणा. धोंडभट एकदा डोकावून म्हणाले, "पंत, ही खोली आहे की सोंगट्यांचा पट?"

"पटच आहे, भटजी. फक्त सोंगट्या दुसऱ्याच्या आहेत."

बाजल्यावर मात्र ते कधी निजले नाहीत. मला म्हणाले, "पोथीवाले, तुम्ही निजा. तुम्ही नवे आहात, तुम्हाला चालेल." स्वतः दारापाशी घोंगडी टाकत. निजत तरी कसले, सारखी कूस बदलत. दिवसाही त्यांना एका जागी चैन नसे. सरकारी फडावरचे लिहिण्याचे काम आटोपले की घरी टेकून लगेच उठत आणि नदी ओलांडून कोथरूडच्या वाटेला शेतांपर्यंत जाऊन येत. मी विचारले, तिकडे काय आहे. "काही नाही. म्हणून तर परत येता येते."

असे का, हे मला कळले ते त्यांच्या एका थट्टेतून. मला हिवताप आला होता आणि मी घाबरून गेलो होतो. ते काढा घेऊन आले आणि उशाशी बसले. म्हणाले, "माझ्याकडे पाहा. माझे तर दिवसही होऊन गेले आहेत, तरी काढा मीच उकळतो आहे."

मला वाटले तापात काही चुकीचे ऐकले. पण ते खरे होते. तरुणपणी पंत माळव्याच्या स्वारीत गेले आणि तिकडे आजारी पडून एका खेड्यात अडकले. त्यांना पडताना पाहिले असे कोणीतरी गावी येऊन सांगितले. घरच्यांनी पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला अग्नी दिला, दिवस केले. पंत परतले तेव्हा गाव त्यांना हात लावेना. शास्त्राने सांगितले, हा नव्याने जन्मला असे धरा. मग तुपाने न्हाऊ घातले, बारसे झाले, पुन्हा मुंज झाली.

"माझे बारसे माझ्या देखत झाले," ते म्हणाले. "नाव तेच ठेवले. दुसरे कोणाला सुचले नाही."

मी हसलो. तेही हसले. मग काढ्याची वाटी खाली ठेवत म्हणाले, "बायको मात्र त्या पुतळ्यामागे फार दिवस जगली नव्हती. ती काही कोणाला परत जन्माला घालता आली नाही."

त्या वर्षी ज्येष्ठ लागला तसे पंतांनी गाठोडे बांधून ठेवले. आम्ही नवी जागा बघायलाही लागलो होतो. पण त्याआधीच उत्तरेकडून बातमी आली होती. फौज मोडली होती. प्रथम कोणी मानायला तयार नव्हते, मग एकेक माणूस परतू लागला आणि प्रत्येकाबरोबर दहा घरी रडणे येऊ लागले. आषाढ आला. आमच्या आळीतल्या भरल्या खोल्यांचे धनी आले नाहीत. काहींचे भाऊ येऊन सामान घेऊन गेले. काही सामान दारात मांडून विकले गेले. मी हौदावर पाणी भरायला गेलो की कोणाची तरी समई दुसऱ्याच कोणाच्या हातात दिसे.

त्रिंबकाला पडताना पाहिले, असे सांगणारा एक माणूस धोंडभटांकडे आला होता. तो गेल्यावर भटजी आमच्या दारात उभे राहिले.

"पंत, काय करायचे?"

"कशाचे?"

"खोलीचे. मुलाचे दिवस त्याच्या गावी होतील. मग सामान त्याच्या आईकडे पाठवावे, आणि मला दुसरे बिऱ्हाड बघता येईल."

"आम्ही आहोत ना बिऱ्हाड."

"आपण आषाढापर्यंत होता."

पंतांनी बाहेर बघून घेतले, पाऊस पडत होता. म्हणाले, "धनी येईपर्यंत, असे ठरले होते. आषाढ म्हणजे धनी येतो तो. अजून आषाढ आलेला नाही."

भटजी म्हणाले, "पाऊस तेवढा लवकर आला आहे, असे म्हणा," आणि निघून गेले. पण त्यांनी खोली काढून घेतली नाही. कित्येक वर्षांत कोठे आषाढापलीकडे न राहिलेला माणूस त्या खोलीत राहिला. गाठोडे सोडले नाही, तसेच बांधलेले खुंटीला टांगून ठेवले. रोज सकाळी दाराशी ठेवलेला त्रिंबकाचा तांब्या घासायचा, भरायचा, खुणेत ठेवायचा. पाऊल वाजले की मान वर करायची. त्यांच्याबरोबर राहून मलाही ती सवय लागली. अजून एखादी ओळ उतरवताना जिन्यावर कोणी चढले की माझा बोरू थांबतो.

दुसऱ्या पावसाळ्याआधी त्रिंबकाची आई आली. जुन्नराकडून, दोन कपड्यांचे बोचके घेऊन. गोदाकाकू ठेंगण्या आणि फार कमी बोलणाऱ्या होत्या. दारातून त्यांनी सगळी खोली नजरेखालून घातली. गेरूच्या खुणांपाशी नजर थांबली.

"हे कोणी काढले?"

"मी," पंत म्हणाले. "तो ठेवून गेला तसेच आहे, वहिनी."

काकू तांब्यापाशी खाली बसल्या. त्यात बोट बुडवून पाणी ताजे आहे का ते पाहिले. मग बोलल्या. दीर मागे लागले होते. पाहणाऱ्याने पाहिले आहे, आता पुतळा करा, मुलाला गती मिळू द्या, म्हणत होते. त्या कोणाला न जुमानता निघून आल्या होत्या.

"घरी त्याचे काही राहिलेच नव्हते हो. नुसते त्याचे नाव, आणि तेही सगळे हळू आवाजात घेत. येथे त्याची जागा आहे असे कळले. तुम्ही सांगा, पंत. भटजी म्हणाले, तुम्ही गेलेले होता आणि आलात. पुतळा करू की नको?"

धोंडभटही येऊन उभे राहिले होते. मला वाटले पंत म्हणतील, करू नका, मी आलो तसा तोही येईल. वर्षभर त्यांना तांब्या भरताना पाहून मी तेच धरून चाललो होतो. पण ते काकूंसमोर खाली बसले.

"वहिनी, खरे सांगायचे तर तो येईल असे मला वाटत नाही. बातमी आली त्या दिवसापासून वाटलेले नाही."

काकूंनी वर पाहिले नाही.

"पण पुतळ्याचे म्हणाल तर मी परत आलो तेव्हा मला त्याचे काही वाईट वाटले नव्हते. लोकांनी रीत केली. वाईट वाटले ते वेगळेच. तहान लागली होती, आणि माझा तांब्या कोठे आहे ते कोणाला सांगता येईना. कोणी नेला, कोणाला दिला, आठवत नव्हते. पुतळा करा. भटजी नीट करतील. तांब्या मात्र राहू द्या."

धोंडभट म्हणाले, "शास्त्रात तांब्याला आडकाठी नाही." मी त्यांना एवढ्या हळू बोलताना कधी ऐकले नव्हते.

त्रिंबकाचे दिवस नदीकाठी झाले. काकू त्रिंबकाच्याच खोलीत राहायला आल्या आणि आम्ही निघालो. पंतांनी खुंटीचे गाठोडे काढले. दाराबाहेर पडताना सवयीने म्हणाले, "आपले काय." पुढचे बोलले नाहीत.

त्यानंतर आम्ही खूप जागा पाहिल्या. शुक्रवारात, कसब्यात, नदीपलीकडेसुद्धा. पंत कोठेच रमेनात. उंबरठ्यावर उभे राहून पूर्वीसारखे विचारत, पण उत्तर ऐकण्याआधीच मागे वळत. अखेर मी कंटाळून एक खोली ठरवली. तिच्या सामानाचा धनी कोण ते घरमालकालाही माहीत नव्हते. पंतांनी तेथे खुणा काढल्या नाहीत. "येणार कोण आहे," म्हणाले. पहिल्यांदाच बाजल्यावर निजले, आणि त्या बाजल्यावरून पुढे फारसे उठले नाहीत. ज्वर आला आणि वाढत गेला. शेवटच्या दिवसांत मला सारखे विचारत, "पोथीवाले, ही जागा कोणाची?" मी सांगत असे, "आपली." त्यांना ते पटत नसे. मान हलवत राहत.

ते गेले तेव्हा त्यांच्या गावी कळवावे असे कोणी राहिले नव्हते. अग्नी मी दिला. या वेळी पुतळा नव्हता, हे मला तेव्हा फार जड गेले. धोंडभटांनी सगळे मंत्र म्हटले, आणि एकदा झालेले दिवस पुन्हा कसे करायचे याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

तेराव्यानंतर घोंगडी आणि तांब्या घेऊन मी काकूंकडे गेलो. दुसरीकडे कोठे नेऊ, मला सुचले नाही. खोली तशीच होती, खुणा नव्या गेरूने काढलेल्या. काकूंनी पंतांचा तांब्या माझ्या हातून घेतला, समोरच्या हौदावर नेऊन घासला, भरून आणला आणि दाराशी त्रिंबकाच्या तांब्याशेजारी ठेवला. मग गेरूचा खडा घेऊन त्याच्याभोवती वर्तुळ काढू लागल्या.

मी म्हणालो, "काकू, पंतांना तर मी स्वतः पोचवून आलो आहे."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. हात थांबला नाही. "पण ते एकदा आले होते ना परत."